तीन आठवड्यांची नाळ

ईरा, निहार, तुम्हाला आठवत असेल, एका हिवाळ्यात आजीच्या फोनचा पुढचा कॅमेरा बिघडला होता. पाच आठवडे रविवारच्या कॉलवर तुम्हाला माझा नुसता आवाज यायचा आणि पडद्यावर आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा दिसायचा. ईरा, तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. कॅमेरा कसा दुरुस्त करायचा याच्या सात सूचना तू क्रमांक घालून मला पाठवल्या होत्यास. मी त्या छापून घेतल्या, फाइलला लावल्या आणि पुढच्या रविवारी तुला सांगितलं, की सातही करून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

कॅमेरा अगदी चांगला होता. मीच त्याच्यापुढे यायला तयार नव्हते. हे सांगायला मला चार वर्षं लागली, आणि ते सांगायचं तर आधी कर्नलसाहेबांबद्दल सांगायला हवं.

कर्नलसाहेब चेहऱ्याचे सर्जन होते. उभी नोकरी लष्करात काढून निवृत्त झाल्यावर नोएडातल्या एका लहानशा खासगी इस्पितळात बसत. दुसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाची खोली. मूळचे साताऱ्याकडच्या एका गावचे. हिंदी फौजेतलं, इंग्रजी मेसमधलं आणि मराठी गावचं. मे महिन्यातसुद्धा अंगात हाताने विणलेला करडा बिनबाह्यांचा स्वेटर, आणि त्या स्वेटरच्या खाली शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, शिंप्याची टेप, पेन्सिलीचं थोटूक आणि टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चांदी, नखाने घासून सपाट केलेली. लिहायचं झालं तर ते कागद शोधत नसत. डाव्या तळहातावर लिहीत. मी एकदा न राहवून विचारलं, "कर्नलसाहेब, हात धुतल्यावर हे जाणार ना?"

"जाणारच की. ऑपरेशनच्या आधी धुवावाच लागतो. तोवर पाठ झालं नसेल तर मी ऑपरेशन करायला लायक नाही."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मंत्रालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या आहेत. असा माणूस माझ्या नाकाला हात लावणार या कल्पनेने मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता.

नाकाचं असं झालं, की चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, उजव्या बाजूला, एक दाणा आला होता. मोत्यासारखा, चकचकीत. त्याला खपली धरायची, पडायची, टिपूसभर रक्त यायचं, बरं वाटायचं आणि महिन्याभराने पुन्हा तेच. मी दोन वर्षं चष्म्याला दोष दिला. तीन फ्रेमी बदलल्या. शेवटी तुमच्या आजोबांनी मला जवळजवळ ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, त्वचेचा कॅन्सर. हळू वाढणारा, सहसा दूर न पसरणारा, पण जिथे आहे तिथे खोल पोखरत जाणारा. काढायला हवा, आणि काढल्यावर नाकाला खड्डा पडणार.

मी त्या विषयावर मिळेल ते वाचलं. फाइल केली. तिला रंगीत विभाजक, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. ती फाइल मी कर्नलसाहेबांपुढे ठेवली, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

"वहिनी, हा ब्लाऊज घरी शिवलेला?"

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान खाली घातली. हसू आलं की ते तसं करतात.

"हो. मीच शिवते," मी म्हटलं.

"बाहीचा मुंढा फार चांगला बसलाय. आमच्या मिसेसचा कधी बसला नाही, दिल्लीचे सगळे टेलर करून झाले. बसा की, उभ्या का?"

मी बसले. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे ओढलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

ही त्यांची रीत होती, हे मला मागाहून कळलं. प्रत्येक रुग्णाला ते आधी त्याचा धंदा विचारत आणि त्यातलं काहीतरी शिकवायला लावत. खोलीत एका फळीवर गवंड्याची थापी होती, चांभाराची आरी होती, गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, करायचा लाकडी साचा होता. थापी गाझियाबादच्या एका गवंड्याची. "याने मला शिकवलं, भिंत ओली केल्याशिवाय गिलावा धरत नाही. कॉलेजात हेच शिकवायला त्यांना दोन महिने लागले होते." खरं सांगतात की थट्टा करतात, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे.

मला त्यांनी सांगितलं ते असं. नाकावरची कातडी काढली की तिथे नवी लागणार. नाकाच्या रंगाची, नाकाच्या जाडीची कातडी सगळ्यात जवळ असते ती कपाळावर. तिथली उभी पट्टी सोडवायची आणि खाली वळवून नाकावर बसवायची. पण पट्टी पूर्ण तोडायची नाही. भुवईपाशी तिचं मूळ तसंच ठेवायचं, कारण रक्त तिथून येतं. तीन आठवड्यांत नाक स्वतःचं रक्त त्या कातडीला द्यायला लागतं. मग मधला दांडा कापायचा. पुस्तकात त्या दांड्याला जे इंग्रजी नाव आहे ते मी फाइलमध्ये लिहिलंच होतं. कर्नलसाहेब त्याला नाळ म्हणत.

"आता कापा," माझ्या चेहऱ्यावर बोट दाखवत ते म्हणाले. "इथून भुवई. इथे खड्डा. पट्टी किती लांब घ्याल?"

मी त्यांच्या टेपने मापलं, कागदाची पट्टी कापली आणि थांबले. मग पर्समधला मलमलचा जुना रुमाल काढून त्याची त्याच मापाची पट्टी कापली. पाण्याच्या ग्लासात भिजवली. एक टोक भुवईवर बोटाने दाबून दुसरं नाकाकडे वळवलं. बोटभर कमी पडली.

"कागदाचं माप चुकीचं येणार," मी म्हटलं. "वळण कापड खातं. आणि ओढून मापायचं नाही, सैल सोडून मापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यातच काखेत काचतं."

कर्नलसाहेबांनी दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये तोंड करून त्यांच्या ज्युनियर डॉक्टरला हाक मारली. तो बिचारा तरुण धावत आला. "हे बघ. तीन साल से मैं तुम्हें क्या बोल रहा हूँ? वहिनीने दो मिनट में कर दिया." मग तळहातावर त्यांनी लिहिलं: सैल सोडून. ती माझी पट्टी त्यांनी खिडकीच्या गजाला वाळत घातली. मला वाटलं, ठीक आहे, या माणसाच्या हाती नाक द्यायला हरकत नाही.

पुढे पट्टीची खूण करायच्या दिवशी एक चूक झाली. ती त्यांची होती आणि माझीही, पण तिच्याकडे मी नंतर येते.

पहिल्या ऑपरेशनमध्ये दाणा काढला आणि आसपासच्या कडा तपासायला पाठवल्या. "कडा साफ आल्याशिवाय मी वर काही बांधत नाही," ते म्हणाले. कडा साफ आल्या. मग कपाळावरची पट्टी खाली आली. चौथ्या दिवशी मी घरी आले.

आरसा बघायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. इस्पितळाच्या बाथरूममधला आरसा त्यांनी काढून टाकलेला होता. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन आणि स्क्रूची चार भोकं. घरी आजोबांनी तिन्ही आरशांवर पंचे टाकले. "स्वतःला बघून काय करणार?" कर्नलसाहेबांचं म्हणणं. "चेहरा मालकाच्या उपयोगाचा नसतो. तो दुसऱ्यांनी बघायचा." पण मी टेपने मापलंच, आकडा आजोबांनी वाचून सांगितला. भुवईपासून नाकापर्यंत, हवेत, साडेतीन सेंटिमीटरचा दांडा, त्याला मलमाची जाळी गुंडाळलेली. ड्रेसिंगच्या गढवाली सिस्टरने पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "माताजी, बिल्कुल गणेशजी लग रही हो." मला हसताही येत नव्हतं, टाके ओढायचे.

ते तीन आठवडे मला आता आठवतात ते धुरकट, आणि याचं साधं कारण असं, की दांड्यामुळे चष्मा घालता येत नव्हता. साठ वर्षांत पहिल्यांदाच मी काही वाचलं नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मला दिसत नव्हत्या. जिरं की ओवा हे वास घेऊन ठरवायचं, तर नाकात बोळे. दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला गेलं की आम्ही इस्पितळाच्या गच्चीकडच्या कॉरिडॉरमध्ये उन्हात बसायचो. समोर लांबवर मेट्रोचा पूल होता. डबे जाताना मला दिसायचे ते आवाज नसलेल्या एका चांदीच्या ओघळासारखे, डावीकडून उजवीकडे. पोपट म्हणजे हिरवा ठिपका, तोही क्षणभर. आजोबा शेजारी बसून मला सांगायचे, कोण आलं, कोण गेलं. मला माणसं त्यांच्या चालीवरून आणि स्वेटरच्या रंगावरून कळायला लागली होती.

आणखी एक गंमत. नाकावर बसवलेली कातडी अजून स्वतःला कपाळच समजत होती. एकदा नाकावर माशी बसली, तर मी कपाळावरून हात फिरवत राहिले. आजोबा म्हणाले, "अगं, खाली." त्यांनी बोटाच्या टोकाने माशी उडवली. त्यांचं बोट मला लागलं ते कपाळाच्या बरोबर मध्यावर. मी डोळे मिटून घेतले. लहानपणी शाळेत जायच्या आधी आई कुंकू लावायची, तेव्हा तिचं बोट तिथेच टेकायचं, आणि मी तेव्हाही डोळे मिटायची. हे कर्नलसाहेबांना सांगितलं, तर त्यांनी ते तळहातावर लिहिलं नाही. फक्त म्हणाले, "काही महिन्यांत जाईल हे. तोवर मजा करा."

माझ्या चष्म्यावरही त्यांनी तोड काढली. आजोबांची सकाळच्या फिरण्याची टोपी मागवली, तिच्या पुढे आलेल्या कडेला टाक्यांच्या धाग्याने चष्मा टांगला आणि टोपी माझ्या डोक्यावर घातली. चष्मा डोळ्यांपुढे झुलत होता. जरा वारा आला की सगळं नोएडा हलायचं. सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होती. कर्नलसाहेब गंभीर. "वहिनी, मान हलवू नका. वर्तमानपत्र हलवा."

आता ती चूक, पण ती कळायच्याही आधीची एक गोष्ट आहे.

दुसऱ्या आठवड्यात एका ड्रेसिंगला त्यांनी जाळी बदलली आणि म्हणाले, "वहिनी, नाळ कापायच्या आधी तुमच्याकडे एक काम आहे. ज्याच्यापासून हा चेहरा लपवताय, त्याला तो दाखवायचा. मग मी कापतो."

"मी कोणापासून लपवत नाही."

आजोबा छताकडे बघायला लागले.

"साहेब छताकडे बघतायत," कर्नलसाहेब म्हणाले, "म्हणजे कोणीतरी आहे."

मग मला सांगावं लागलं. माझी मुलगी परदेशात. तिला मी सांगितलंय, नाकावरची चामखीळ काढली. आणि दोन नातवंडं. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, पण सध्या कॅमेरा बिघडलाय.

"बिघडलाय?"

"मी बिघडलाय असं सांगितलंय."

"का?"

"धाकटा चार वर्षांचा आहे. दिवाळीत मी तोंडाला उटणं लावून पडद्यावर आले, तर किंचाळून टेबलाखाली जाऊन बसला. हे बघितलं तर?"

"बसेल टेबलाखाली. मग येईल बाहेर."

"नाही आला तर?" माझा आवाज चढला. "कर्नलसाहेब, तुमची नातवंडं तुमच्या मांडीवर बसत असतील. माझी सात समुद्रांपलीकडे आहेत. त्यांना माझा हात माहीत नाही, माझ्या साडीचा वास माहीत नाही. माझ्या हातचं काही त्यांनी वर्षाकाठी एकदा खाल्लं तर खाल्लं. त्यांच्यासाठी आजी म्हणजे पडद्यावरचा एवढा एक चेहरा. माझ्याकडे दुसरं काही नाही. आणि तोच असा झाला तर मी त्यांना काय दाखवू?"

ईरा, निहार, हे मी त्या दिवसापर्यंत आजोबांनाही बोलले नव्हते.

कर्नलसाहेबांनी शेंगदाण्यांचा खिसा चाचपला, एक दाणा काढला, त्याचं साल फुंकरलं आणि खाल्ला. "मग दाखवायलाच पाहिजे की," ते म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

पुढचा रुग्ण म्हणजे मानेसरच्या एका कारखान्याची बस चालवणारा ड्रायव्हर होता. पंचवीस वर्षं उजव्या खिडकीतलं ऊन खाऊन त्याच्या उजव्या गालावर व्रण झाला होता, तोही कॅन्सरच निघाला. गालावर मानेची कातडी सरकवून बसवली होती, आणि मानेची कातडी असल्यामुळे तिथे दाढी वाटेल त्या दिशेला वाढत होती. त्याने रेवाडीजवळच्या गावी आईला कळवलं होतं, की ड्यूटी वाढल्यामुळे दोन महिने येता येणार नाही. कर्नलसाहेबांनी त्यालाही तेच काम दिलेलं. कॉरिडॉर आणि खोली यांच्यामध्ये फक्त पडदा असायचा, त्यामुळे मला ऐकू आलं.

"दिखाया?"

"जी साहब. कल दिखाया. भतीजे के फोन पे."

"क्या बोलीं?"

"पहले तो देखती रहीं। फिर बोलीं, नालायक, दाढ़ी तो बना ले."

कर्नलसाहेब असे हसले, की स्टीलचा ट्रे खाली पडला.

मग एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं. ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा नोंदी ठेवायची सवय असते. कोणी "दाखवलं" म्हटलं, की कर्नलसाहेब लगेच विचारायचे, "काय म्हणाले?" नेहमी. आईला दाखवलं, बायकोला दाखवलं, शेजाऱ्याला दाखवलं. पुढचा प्रश्न ठरलेला. दाखवण्यापेक्षा त्यांना त्या उत्तराचीच उत्सुकता असायची.

त्या रविवारी मी कॉल लावला. आजोबांनी फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. पंखा दाखवणारा मागचा कॅमेरा चालू होता, तो बदलून पुढचा लावायला मी बोट पुढे केलं. पलीकडून निहार, तुझा आवाज आला. "आजी, तुझं तोंड कधी येणार?" तू तेव्हा असंच मराठी बोलायचास. मी म्हटलं, "येईल हं राजा, दुकानात दिलंय." आणि बोट मागे घेतलं.  कॉल संपल्यावर आजोबा चहा करायला गेले आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिले.

नाळ कापायचा दिवस आला. कर्नलसाहेब हात धुवायच्या आधी माझ्या खाटेपाशी आले.

"दाखवलंत?"

"हो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. चष्मा नव्हता, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. करडा स्वेटर तेवढा दिसत होता. मी वाट बघत होते, आता विचारतील, काय म्हणाली पोरं. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी सिस्टरकडून कॅमेरा मागवला आणि माझा एक फोटो काढला. सगळ्यांचाच काढतात, नोंदीसाठी, मला माहीत होतं. त्यांनी ऑपरेशन केलं. ते चांगलं झालं. चार दिवसांनी घरी सोडताना एक बंद पाकीट माझ्या फाइलमध्ये ठेवलं, आणि ती फाइल त्यांनी उघडली ती एवढ्याच वेळी. पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. मी ते अनुक्रमणिकेत घातलं नाही.

सूज उतरायला दोन महिने लागले. आरशांवरचे पंचे निघाले. नाक नाकासारखं होतं, कपाळावर एक उभी रेघ, आणि नाकाच्या उजव्या बाजूला मुगाच्या डाळीएवढा एक पांढरट डाग. मी तो बघितला आणि मला क्षणात कळलं, तो कुठला आहे.

तुमची आई लहान होती तेव्हापासून मी चिकटवायची टिकली लावते, जरा वर, कपाळाच्या मध्यावर, माझी आई लावायची तशी. त्या टिकलीच्या डिंकाने वर्षानुवर्षांत खालच्या कातडीचा रंग गेला होता. मी आंघोळ करून बाथरूमचं दार उघडायच्या आधी नवी टिकली लावायची. तो डाग आजोबांनीसुद्धा कधी पाहिला नव्हता. खूण करायच्या दिवशी मी टिकली लावूनच गेले होते. मी काढली नाही, कर्नलसाहेबांनी काढा म्हटलं नाही. त्यांच्या निळ्या पेनाने टिकलीला व्यवस्थित वळसा घातला. ऑपरेशनच्या सकाळी मी ती काढली आणि लगेच सिस्टरने सगळ्या कपाळाला तपकिरी औषध फासलं. कोणालाच दिसला नाही.

तपासणीला मी हे सांगितलं तेव्हा कर्नलसाहेब खुर्चीवर मागे टेकले. बराच वेळ त्यांना शेंगदाणा सापडेना.

"चूक माझी," ते म्हणाले. "इतकी वर्षं बायकांची कपाळं कापतोय, आणि टिकली बाजूला करून कधी बघितलं नाही. टिकली काढा असं बाईमाणसाला म्हणायला जीभ उचलली नाही." मग पुढे झुकले. "काढू का? लहानसं काम आहे. रंगही भरता येतो."

"राहू द्या," मी म्हटलं. का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या खोलीतल्या स्टीलच्या कपाटाचं दार टिकल्यांनी भरलेलं होतं. लाल, मरून, काळ्या, एक हिरवी, खड्यांच्या दोन. आता येणाऱ्या प्रत्येक बाईला ते दाराकडे पाठ करून म्हणत, "ताई, टिकली त्या कपाटाला लावा आणि मला कपाळ दाखवा." मी मोजल्या, एकतीस होत्या. मी माझी काढून बत्तिसावी लावली आणि उघड्या कपाळाने मेट्रोने घरी आले. आता कपाळ तसंच असतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

पण डागाचं विचारलंत. पुढच्या डिसेंबरात तुम्ही सगळे आलात, आणि निहार, तू माझ्या मांडीवर चढून नाकाला बोट लावलंस. "आजी, इथे चंद्र कुठून आला?"

"कपाळावरून घसरला," मी म्हटलं. सगळे हसले. तुझी आई हसली नाही. तिने माझ्या कपाळावरच्या रेघेकडे बघितलं, मग आजोबांकडे. आजोबा छताकडे बघत होते.

कर्नलसाहेब त्याआधी, दिवाळीपूर्वीच, सगळं सोडून गावी गेले होते. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. नाक कसं आहे हे विचारत नाहीत, ते त्यांना माहीत असतं. शेतातल्या भुईमुगाचं सांगतात, गावच्या शिंप्याकडे बसून काज करायला शिकतोय म्हणतात. आणि फोन ठेवायच्या आधी: "दाखवलंत?"

"हो."

"बरं."

तीन दिवाळ्या झाल्या.

ईरा, गेल्या महिन्यापासून तुझा कॅमेरा बिघडलाय, असं आई सांगते. रविवारी तुझा आवाज येतो आणि पडद्यावर तुझ्या खोलीतलं कपाट दिसतं. तू आता तेरा वर्षांची आहेस. मी कारण विचारणार नाही आणि सात सूचनाही पाठवणार नाही. त्याऐवजी हे लिहायला घेतलं, आणि लिहून झाल्यावर फाइलमधलं ते बंद पाकीट काढून फोडलं. फोटो मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिला. सिस्टर गणेशजी म्हणाली होती ते अगदीच खोटं नव्हतं. पण डोळे माझेच आहेत, आणि मी जरा रागावलेली दिसते, कारण खोटं बोलून नुकती मोकळी झाले होते.

फोटो या कागदांबरोबर पाठवते आहे. निहार, आधी तू टेबलाखाली जाऊन बसलास तरी चालेल. आईला सांगा, चामखीळ नव्हती. ती रागावेल, तिला रागावू द्या. आता सगळं साफ आहे, दर वर्षी तपासून घेते.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली. फोन येईल, कर्नलसाहेब भुईमुगाचं सांगतील, मग विचारतील, "दाखवलंत?" मी हो म्हणेन, आणि या वेळी माझ्या आवाजावरून त्यांना कळेल. मग ते पुढचा प्रश्न विचारतील: काय म्हणाली पोरं?

मी काय सांगू, ते मला रविवारी सांगा. कॅमेरा बंद असला तरी चालेल. माझा चालू असेल.